पट्ट्याखाली तेल

आधी प्लग काढायचा.
रबाळ्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं
हे मी नव्या पोरांना ओरडून सांगत आलो.
आता ऐरोलीत, सेक्टर आठमधल्या हॉलमध्ये
स्वतःलाच हळू सांगतो.

मग गुडघे.
ते फरशीला टेकेपर्यंत चहा निवतो.
पट्ट्याची कड उचलून हात आत सरकवायचा,
पालथा नाही, उताणा.
खालची बाजू तळहातालाच कळते.

कोरडी.
चौथ्या मजल्यावरचा कुरियन लिफ्टमध्ये म्हणालाच होता,
"वर पहाटे कुणी तरी रडतं हो."
रडत नाही, घासतं, मी म्हटलं.

खोबरेल चालत नाही, शिलाई मशीनचंही नाही,
बिजागरीवर मारतो तो फवारा तर मुळीच नाही.
सिलिकॉनचं लागतं. पाण्यासारखं, बिनवासाचं.
ज्याला वास नाही ते मला अजून तेल वाटत नाही.
माझ्या डबल ड्युटीच्या दिवसांत हेमलता म्हणायची,
तुम्ही जिन्यात असता तेव्हाच घरात कळतं.

पंधरा मिली डावीकडून, पंधरा उजवीकडून,
नागमोडी, कडेपर्यंत न नेता.
जास्त झालं तर पाय घसरतो,
कमी पडलं तर मोटर तापते,
आणि मधलं माप
कंपनीच्या पुस्तिकेतही धड दिलेलं नाही.

डाव्या बाजूची नक्षी पुसट झालीय.
म्हणजे उजवा गुडघा.
तिने मला सांगितलं नव्हतं.

मागच्या बोल्टला अ‍ॅलन की लावून पाव आटा.
पावच. पूर्ण फिरवणारे
माझ्या हाताखाली टिकले नाहीत.

स्वयंपाकघरात गॅस एजन्सीचं कॅलेंडर आहे.
त्यावर तिचे आकडे: २.४, २.१, २.६,
संकष्टीला शून्य,
आणि पेन्सिलीने बारीक अक्षरात:
कसारा. इगतपुरी. पिंपळगाव.
मला वाटलं, कुणाच्या लग्नाचे बेत.
विचारलं तर भेंडीवरची नजर न काढता म्हणाली,
"शिरपूरला चाललेय."

लग्नाआधी अकरा महिने
ती तिथे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती.
हेडफोन, खाचा, वायरी,
इकडचं गाव तिकडच्या गावाला जोडून द्यायचं
आणि मधून बाजूला व्हायचं.
चाळीस वर्षांत हा विषय दोनदा निघाला असेल.
शिरपूरला कुणाकडे,
ते मी विचारलं नाही.
भेंडी चिरून झाली होती.

तेल घातल्यावर तीन मिनिटं
कमी वेगात चालायचं असतं, म्हणजे ते पसरतं.
प्लग लावला. चढलो.
दांड्यावर तिचा नॅपकिन,
समोर भिंत, भिंतीत रिकामा खिळा.
रोज पहाटे ती बघते तो हा खिळा.
पायाखालून रस्ता
काही न बोलता मागे जाऊ लागला.

"थांबा!" ती दारात, हाताला कणीक.
"आकडा चालू आहे ना?"
दीडशे मीटर झाले होते.
"माझ्या रस्त्यावर चाललात तुम्ही."
वजा कर, मी म्हटलं, आणि उतरलो
जसं दुसऱ्याच्या शेतातून उतरावं.

रात्री त्याच तारखेखाली मी "तेल" लिहायला गेलो.
सवय आहे, नोंद नसेल तर काम झालंच नाही.
तिथे २.३ होते,
पुढे अधिक ०.१५,
आणि शेजारी: राहुड घाट.

वजा का नाही केलंस?
"चढ होता," म्हणाली, आणि दिवा मालवला.

सकाळी लिफ्टमध्ये कुरियन.
"आज काहीच ऐकू आलं नाही.
वहिनी बाहेरगावी का?"
हो, म्हटलं.
मालेगावच्या थोड्या अलीकडे.