घोडी

पिकअप विकली, घोडी काढून घेतली.
घोडी म्हणजे सागाची, तंबूसारखी तिरकी,
दोन्ही कुशींना नमदा ठोकलेली.
तिच्या अंगावर काचा टेकवून
एकोणीस वर्षं मी ठाणे-बेलापूर रस्ता
तिसऱ्या गिअरमध्ये चालवला.

घेणारा मुलगा उलव्याचा, शहाळी विकतो.
टायरला लाथ मारून पाहिली, हौद्यात वाकला.
काका, पत्रा सडलाय.
म्हटलं, सडलाय, पण एका चावीत उठते.
खोटं बोललो. दोन लागतात,
आणि मध्ये जरा थांबावं लागतं,
झोपलेल्याला दुसरी हाक मारण्याआधी थांबतो तसं.
कळेल त्याला.

आता काचा महाप्याहून थेट जातात,
कारखान्याच्या ट्रकमधून, रबरी पंजांनी उचलून.
माझ्याकडे उरलं माप घेणं.
टेप, पेन्सिल आणि वही
यांना हौदा कशाला लागतो, असं हेमांगी म्हणाली
आणि मला सीवूड्सला घेऊन गेली,
कुरियन डॉक्टरांची स्कॉर्पिओ बघायला.

तिनं कागद पाहिले, विमा, किलोमीटर, गाडीचं पोट.
मी काचा पाहिल्या.
पुढच्या काचेचा शिक्का बाकीच्यांशी जुळेना.
डॉक्टर म्हणाले, खोपोलीजवळ खडी उडाली.
बसवणाऱ्यानं रबर नीट दाबलंय, मी म्हटलं.
त्यांनी आपणहून वीस हजार कमी केले.
हेमांगी मला जिन्यात रागावली,
गप्प राहिला असतात तर तीस झाले असते.

पिकअपला सोसायटीत जागा नव्हती. पिवळी पाटी.
नाल्याकडेला झोपायची, पर्जन्यवृक्षाखाली,
सकाळी टपावर कावळ्यांचा हिशेब.
दर सहा महिन्यांनी नवा वॉचमन यायचा, विचारायचा,
डिलिव्हरी? कुठला फ्लॅट?
सातशे दोन. माझाच.
परवा पहिल्यांदा गेटचा दांडा आपोआप वर गेला,
त्यानं सलाम ठोकला,
आणि मी आरशात पाहिलं, मागून कोण येतंय.

आरशात काही नसतं आता. मागची सीट,
डॉक्टरांच्या नातीनं चिकटवलेला एक कासव.
रोज सकाळी गाडीचा पडदा कुणा शीबाचा फोन शोधतो,
सापडत नाही म्हणतो,
मग माझ्यावर भागवतो.
पिकअपच्या आरशात आरसे असायचे.
त्यात तुर्भ्याचे मनोरे उलटे धावायचे.
घणसोलीच्या सिग्नलला एकदा एक बाई
सहा बाय चारच्या बेल्जियममध्ये टिकली सरळ करून गेली,
मी दिसलोच नाही तिला.
तो आरसा नंतर ऐरोलीत एका जिमला लावला.

रविवारी दिघ्याला गेलो, मोतीरामकडे.
तो मागे उभा राहायचा, हौद्यात, काचांना पाठ देऊन.
रबाळ्यात दहा मिलीची काच सुटली
तेव्हापासून त्याची दोन बोटं वाकत नाहीत.
त्या दिवशी पिकअप चौथ्यात गेली होती,
पाचव्यात गेली होती,
हौद्यात उरलेल्या काचा फुटत होत्या
आणि मी ऐकत नव्हतो.

पुढं बसवला त्याला. चपला काढू का, म्हणाला.
पट्टा मीच लावला.
एसीचं तोंड त्यानं हळूच माझ्याकडे वळवलं.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग स्पीडब्रेकर आला,
आणि मी जवळजवळ थांबलोच, सवयीनं,
एक चाक चढवलं, मग दुसरं,
मागचे हॉर्न सुरू झाले.
पाहिलं तर मोतीरामनं डावा पंजा
दाराच्या काचेवर दाबून धरलेला,
तीन बोटं पसरून, दोन तशीच.

उतरलो. पंजा त्यानं मांडीवर ठेवला.
काचेवर ठसा राहिला.
घोडी दिलीस का रे त्या पोराला?
नाही. दुकानात आहे.
बरं, म्हणाला.