धूळधोया

नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, मैद्यासारखा चाळलेला,
त्यात पॅलेडियम क्लोराइडचं तपकिरी पाणी.
रात्रभर भांड्याच्या तळाशी चुंबकाची पांढरी काडी गरगरत राहिली
आणि मी फत्तेगंजचे दिवे बघत
डब्यातली गार ढेबरी खाल्ली.

सकाळी बर्फात बसवून थेंब थेंब बोरोहायड्राइड.
फेस दुधासारखा वर चढला, खाली बसला,
पाणी नितळ.
मग धातू गेला कुठे?

कोळशात.
चिमूटभर कोळशाला आत एवढी भोकं
की भिंती उलगडून अंथरल्या
तर आमच्या शाळेचं खो-खोचं मैदान झाकेल,
आणि तिथे कोपऱ्याकोपऱ्यात दबा धरून कण.
केसाच्या जाडीचे वीस हजार भाग करा,
त्यातला एक.
सुरतेहून फोटो आले तेव्हा कुठे दिसले:
राखाडी कागदावर मोहरी सांडलेली.

काम त्यांचं एवढंच,
दोन अनोळखी कड्यांना जवळ बसवायचं,
एकीचा ब्रोमीन सोडवायचा, दुसरीचा बोरॉन,
कार्बनचा हात कार्बनच्या हातात द्यायचा
आणि बाजूला व्हायचं.
लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखं म्हटलं असतं,
पण मावशी बारशालाही येतात.

पहिल्या खेपेला शहाण्णव टक्के.
गाळलं, धुतलं, परत तेच. चौऱ्याण्णव.
त्र्याण्णव. सत्त्याऐंशी.
सहाव्या खेपेला बावन्न.
कण सरकत सरकत एकमेकांना चिकटले, गोळे झाले.
माणसांसारखेच, असं लिहिणार होते.
नको. कणच ते.

पहिल्या वर्षी मी गाळणीचा कागद कचऱ्यात टाकला होता.
तो सुकला आणि आपोआप पेटला.
खोडाभाईंनी डबा उचलून वाळूत पालथा केला,
न ओरडता.
‘बेन, सुकावा ना देता. सळगशे.’
तेव्हापासून माझा प्रत्येक काळा कागद
ते ओलाच उचलून नेत.
कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये ग्रँट संपली.
एका ग्रॅमचा भाव ऐकून
बिल सेक्शनच्या दवेंनी चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर लोणच्याच्या दोन बरण्या.
आत पाण्याखाली कागदच कागद,
माझे, माझ्या आधीच्या मुलींचे,
एकावर तर कुणा जागृतीची तारीख, अकरा वर्षांपूर्वीची.

त्यांची आई पहाटे घडियाळी पोळात
सोनारांच्या उंबऱ्यापुढचं झाडून न्यायची,
तगारीत धुवायची, परत धुवायची.
महिन्याला गुंजभर मिळालं तर नशीब.
‘अमे धूळधोया,’ म्हणाले.
आमच्यात झारेकरी म्हणतात, मी म्हटलं.
त्यांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला.
‘सारो छे. पण ह्यात धूळ नथी.’

मग तीन दिवस भट्टी, अगदी मंद.
राखेवर फुंकर मारायची नाही,
पंखा बंद, बोलणंसुद्धा तोंड फिरवून.
हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.
राखेवर आम्लराज ओतलं, तांबूस वाफा उठल्या,
आणि गाळून खाली उतरलं
तेच तपकिरी पाणी.

प्रबंधात एक रकाना असतो, रसायन कुठून घेतलं.
तिथे कंपनीचं नाव लिहितात.
मी खोडाभाई लिहिलं.
सरांनी खोडलं.
वर पेन्सिलने ‘पुनर्प्राप्त’ लिहिलं, सुबक अक्षरात.

कालची खेप एक्क्याण्णव टक्के.
बरणी परत ओट्यावर आहे,
तळाशी दोनच कागद.
पाणी थोडं आटलंय,
घालते.