उरलेली ऊब

तेलात वीज नसते मर्दा, दस्तगीर मिस्त्री म्हणायचा,
तिळात तेल असतं तशी तर नाहीच नाही.

स्टेशनावरनं बॅरलं यायची.
काळं तेल, थंडीत काकवीसारखं अडून बसणारं.
आधी तापवायचं, मग गाळायचं,
आणि मी, सतरा वर्षांचा ऑइलमन,
चिंध्यांच्या बोळ्यानं पाइपांचे सांधे पुसत फिरायचो.

"हवा दाब," तो मूठ आवळायचा,
"इतकी दाब की तिची तीच तापंल.
वर तेलाचा फवारा. काडी नको, ठिणगी नको.
भडका. दट्ट्या खाली. दांडा फिरला, चाक फिरलं,
आसावर चुंबक, भोवती तांब्याची गुंडाळी.
दोघं शिवत न्हाईत बघ एकमेकाला.
मधी करंगळीभर हवा.
वीज हुती ती तितं."

लक्ष्मीपुरीतले दिवे लागले
की इंजिनाचा आवाज जाड व्हायचा.
थेटराचा शेवटचा खेळ सुटला
की पुन्हा पातळ.

एकदा भल्या पहाटे ऐतवडे मेंबर आले,
टोपी काखेत, हातात तेलाची बिलं.
"शंभराचं तेल जाळता,
वीज किती रुपयांची निघते?"
तिसाची, मिस्त्री म्हणाला.
"आणि सत्तर?"
दणदणाटात त्यांना ते दोनदा विचारावं लागलं.

मिस्त्रीनं बोळा खांद्यावर टाकला,
मागचं दार उघडलं.
पौषातला गारठा. काही रुपये धुरांड्यातून वर चाललेले.
बाकीचे, इंजिन गार करून आलेल्या पाण्यात,
वाफाळत चरातून नदीकडं.
चराच्या कडेला हौसाक्का कोरवी
नातवाला दगडावर उभा करून
कानामागं चोळत होती.
तो ओरडत नव्हता, हे मला आठवतं.
मागं कळश्या घेऊन अकरा जणी.

मेंबर बराच वेळ उभे राहिले.
बिलांवर काय शेरा मारला, ठाऊक नाही.

पुढं धरणाची वीज आली. स्वस्त.
इंजिन बंद केलं त्या रात्री
गावातला एक दिवासुद्धा मिचकला नाही.
मिस्त्री कान चोळत बसला होता.

सकाळी मी कुलूप लावायला गेलो
तर चर कोरडा.
हौसाक्कानं दगडावर तळवा टेकला,
उचलला, पुन्हा टेकला.
"आज येळ हाय व्हय रं पोरा?"
मी म्हणालो, व्हय.
आणि ती बसली.