खोलीचा आवाज

प्रत्येक शॉट संपला की मी हात वर करायचो.
पंखे बंद, जनरेटर बंद, कुणी खोकायचं नाही.
तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करायची,
कारण रिकामी खोलीही काहीतरी पुटपुटत असते.
बाकीचे दिग्दर्शक तेवढ्यात सिगरेट पेटवून बाहेर जात.
कार्मेगम थांबायचा,
डोळे मिटून,
जणू सेटवर आत्ताच कुणीतरी खरं बोलायला लागलंय.

तो कोडंबक्कमला आला तेव्हा
हातात पत्र्याची पेटी
आणि कानात अरुप्पुक्कोट्टैच्या मागांची खटखट.
पहिलं काम, बॅनरवरच्या नट्यांच्या पापण्या रंगवणं.
एकेक पापणी हातभर लांब.
मग संवाद लिहिले, दुसऱ्याच्या नावावर.
मग एकदा नृत्यदिग्दर्शक आलाच नाही,
तर यानं लुंगी वर खोचून चाळीस मुलींना ठेका दाखवला.
गाणी लिहिली. एक गायलंही,
बेसूर, मी तेव्हाच सांगितलं होतं,
लग्नाच्या मांडवात अजून तेच वाजतं.
म्हातारीचं सोंग घेतलं तेव्हा
सख्ख्या आईनं त्याला "बस गं बाई" म्हणत पाट दिला.
रात्रभर एडिटिंगच्या टेबलाशी,
सकाळी नायक,
दुपारी खलनायकाच्या तोंडी स्वतःचाच आवाज.
"लूर्दु," म्हणायचा, "एकही काम धड येत नाही,
म्हणून सगळी करतो."

पक्ष काढला तेव्हा मी विचारलं नाही, का.
त्यानंही सांगितलं नाही.
चिन्ह मिळालं शिडी.
लाइटबॉय हसून लोळले:
"तीस वर्षं आम्ही चढलो, अण्णे, आता तुम्ही चढा."

माइक लावायला मला नेलं.
मी स्टुडिओतला माणूस, कर्ण्यांशी माझं कधी जमलं नाही.
कर्णा माणसाचा श्वास आधी खातो,
मग शब्द.
पडद्यावर तो वाक्य अर्ध्यात सोडायचा
आणि अख्खं थिएटर ते पुरं करायचं.
मैदानात सोडलेलं अर्धं वाक्य
पलीकडच्या देवळाचा भोंगा उचलून न्यायचा.

गर्दी मात्र अशी की काळ्या रानात पाय ठेवायला जागा नाही.
तो बोलायचा पाण्याच्या टाकीबद्दल,
सतरा वर्षं कोरड्या असलेल्या.
ते ओरडायचे, "डायलॉग! डायलॉग!"
तो म्हणायचा. टाळ्या, शिट्ट्या.
मग पुन्हा टाकी.

सेल्लक्किळी नावाची एक बाई,
काडेपेटीच्या कारखान्यातली, बोटांना गुलाचा लाल रंग,
जीपला धरून म्हणाली,
"सिनेमात तू मेलास तेव्हा दोन दिवस चूल पेटवली नाही मी.
पण मत रेशन दुकानवाल्याला.
तो मरत नाही. रोज दिसतो."
तो हसला.
मला तरी तसं वाटलं.
नंतर टेप ऐकली,
ते हसू नव्हतं.

मोजणी सरकारी कॉलेजात.
अकरा हजार चारशे बारा.
तिसरा. अनामत गेली.
नाक्यावरचा साठ फुटी कटआउट उतरवायचा होता,
शिडी कुणाकडेच नव्हती.
शेवटी विरोधी पक्षाच्या मांडववाल्यानं दिली,
भाडं न घेता.

रात्री दीड वाजता तो म्हणाला, "लूर्दु, मशीन काढ."
"काय घ्यायचं?"
"हेच."
मैदानात चुरगळलेले कागदी झेंडे,
चहावाल्याचा विझत आलेला स्टोव्ह,
एक कुत्रं, कुठूनतरी हापशाचा रिकामा दांडा.
मी सवयीनं हात वर केला.
त्यानं डोळे मिटले.
एकवीस, बावीस,
आणि तेविसाव्या सेकंदाला तो बोलला:
"टाकीचं काय करायचं रे आता?"

टेक वाया गेला.
पुसायला हवा होता.
बाकीच्या रिकाम्या खोल्यांबरोबर
एकाच डब्यात ठेवलाय,
वर नाव घातलेलं नाही.