मामा म्हणजे कोण

जॉर्जियात मामा म्हणजे बाप.
आई म्हणजे देदा.
कुणी केली ही उलटापालट, विचारू नका.
आपल्याकडे तरी काय,
मामा आईचा भाऊ, आणि वेळ पडली तर चंद्रसुद्धा.
तेव्हा हसायचं कुणी कुणाला.

झेस्तापोनीच्या पुढे, रेल्वेचा पूल ओलांडला की
डाव्या हाताला माल्खाजचं घर.
द्राक्षाच्या मांडवाखाली चटईवर तेक्ले,
वय तेरा महिने, दात खाली चार, वर दोन,
मुठीत लाकडी चमचा.
महिनाभर तिचा एकच शब्द: ब्ब.
पावाला ब्ब, कोंबडीला ब्ब,
शेजारच्या गुरामच्या खोकल्यालाही ब्ब,
आणि गुराम कुंपणापलीकडून उत्तर द्यायचा,
खोकूनच.

मग एका गुरुवारी
ओठ मिटले, जरा जास्त वेळ मिटलेले राहिले,
जसं काही आत कुणी दार लोटतंय.
म.
म नंतर लाळ. लाळेनंतर परत म.
म्म-मा.

माल्खाज पंपाचं वायसर बदलत होता.
हातातला पान्हा सुटला, फरशीवर खणकन वाजला.
तेक्ले दचकली, मग हसली,
आणि पुन्हा म्हणाली, अगदी त्याच्याकडे बघून,
म्म-मा.
तो उठला नाही. ग्रीसचे हात हवेत धरून
तसाच बसून राहिला,
पकडायला गेलेल्या चोरासारखा.
आनंद झाला, आणि लगेच वाटलं
हा आपला नव्हे, कुणाचा तरी उचललाय.

दोन समुद्र ओलांडून, बारी नावाच्या बंदरात,
तिसऱ्या मजल्यावर
इर्मा सिन्योरा फिलोमेनाची हनुवटी पुसत होती.
सुपात मैद्याचे बारीक तारे,
एकेक चमच्याबरोबर एकेक तारा परत बाहेर.
झटका आल्यापासून म्हातारीचे शब्द गळू लागले होते.
काट्याला ती म्हणते, ती चार बोटांची.
खिडकीला म्हणते, ते उजेडाचं.
इर्माला इटालियन येऊन अवघे अडीच महिने;
एकीकडून शब्द जातायत, दुसरीकडे येतायत,
दोघी मिळून संध्याकाळपर्यंत
एखादं वाक्य पुरं करतात.

फोन वाजला. पडद्यावर आधी नुसतं ओलं नाक,
मग एक डोळा, मग सगळं तोंड.
म्म-मा!
माल्खाज मागून घाईघाईने,
"अगं काही नाही, ओठांचा चाळा आहे.
द ला जीभ दातांवर टेकावी लागते,
ते अजून जमत नाही तिला. जमेल."
इर्मा म्हणाली, "हो, द अवघडच."
आणि तेव्हाच ब्लाउज ओला झाला.
आटला म्हणून सोडून दिलेला पान्हा,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की हाक दुसऱ्याला आहे.

फिलोमेना सकाळपासून गप्प होती.
तिने चमचा बाजूला सारला, मान वळवली,
आणि स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता म्हणाली,
"मामा म्हणतेय ती. तुला बोलावतेय. ओ दे की!"

चूक दुरुस्त करायला लागतं
तेवढं इटालियन इर्माला येत होतं.
आमच्याकडे, सिन्योरा, हा शब्द.
बाप या शब्दाला काय म्हणतात, तेही माहीत होतं.
ती म्हणाली, "सी, सिन्योरा."
आणि फोन तोंडाजवळ नेऊन तिने ओ दिली.

त्या रात्री माल्खाजने भिंतीवरचा फोटो काढला,
मांडीवर ठेवला, इर्माच्या कपाळावर बोट टेकवलं.
"दे-दा. म्हण बरं. दे-दा."
तेक्लेने फोटो बघितला. बाप बघितला.
परत फोटो.
काचेला नाक लावून, पुष्कळ विचार करून म्हणाली,
ब्ब.

चला.
पाव, कोंबडी, गुरामचा खोकला.
निदान त्या यादीत तरी
इर्माचं नाव लागलं.