फरकावरचा कर

काउंटरवर माझ्या नावाची पाटी आहे: मार्लिस, कागदपत्रं.
बावीस वर्षं मी इथे ट्रॅक्टर विकत नाही,
विकल्या गेलेल्या ट्रॅक्टरांना कागदावर आणते.
खिडकीतून डाकोटा दिसतो, म्हणजे
धान्याचे दोन उंच कोठे, रेल्वेचा रूळ
आणि मग काहीच नाही, क्षितिजापर्यंत.

नियम साधा. झोपेतून उठवलंत तरी सांगेन.
नव्याच्या किमतीतून जुन्याची वजा करा,
उरेल त्यावर कर.
जुन्याचा कर कधीच भरून झालाय,
बहुधा अशाच कुठल्यातरी काउंटरवर, अशाच कुणा बाईकडे.
फरकापुरतंच देणं लागतं माणूस.

आणि शेतीसाठी असेल तर तेवढंही नाही.
त्याचा एक फॉर्म असतो, फिकट निळा.
त्यावर चौकोन, चौकोनापुढे एक वाक्य:
‘हे यंत्र मुख्यत्वे शेतीउत्पादनासाठी वापरले जाईल.’
कोणी वाचत नाही. टिक, सही, चावी.
एका दंतवैद्याने लॉन कापायचं यंत्र घेताना
मला डोळा मारून सांगितलं होतं,
गवत म्हणजे चाराच की, मार्लिस!
त्याच्याकडून मी कर घेतला.

एल्डन ब्रेक्के ऑक्टोबरात आला, गुरुवारी,
जुना ट्रॅक्टर स्वतः चालवत, नऊ मैल, कडेकडेने.
सीटवर खताच्या पोत्याची खोळ, जाड दोऱ्याने शिवलेली.
मीटर सात हजार आठशे बारा तासांवर थांबलेला;
ट्रॅक्टर नव्हता थांबला.
हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून
तेल बदलल्याच्या तारखा, पांढऱ्या रंगात,
आधी एका गोल, नीटस अक्षरात,
मग एका वेड्यावाकड्या.

आमच्या ड्वेनने टायरांवर लाथा मारून
बारा हजार नऊशे ठरवले.
एल्डनने घासाघीस केली नाही.
नवा छोटा, एकतीस हजार चारशेचा.
मी निळा फॉर्म सरकवला,
पेनाचं टोपण काढूनच.

त्याने वाचला.
चष्मा बदलून परत वाचला.
‘मुख्यत्वे म्हणजे?’
मी म्हटलं, म्हणजे जास्त करून.
‘जमीन मार्चमध्ये होफरच्या पोरांना खंडाने दिली.’
मग हा कशाला?
‘बर्फ ढकलायला. आणि चर्चमागचं गवत,
ओळींच्या मधलं.’
कुठल्या ओळी, ते मी विचारलं नाही.
रॅग्ना तिथे दुसऱ्या ओळीत आहे, मी गेले होते.

मग मी, कर घेणारी, जे बोलू नये ते बोलले:
बटाटे लावताच ना तुम्ही अजून?
तो हसला. ‘चार सऱ्या.
आणि खाणारा मी एकटा.’
चुकून उचललेली दुसऱ्याची टोपी परत द्यावी
तसा त्याने फॉर्म परत दिला.

एकतीस हजार चारशे वजा बारा हजार नऊशे,
अठरा हजार पाचशे. त्यावर पाच टक्के:
नऊशे पंचवीस.
मी बटणं हळू दाबली.
मशीनला काय त्याचं.

चेकबुकावर अजून छापलेलं होतं ब्रेक्के फार्म्स.
रक्कम त्याने अक्षरी लिहिली, सावकाश,
शाळेत शिकवतात तशी, मागे रेघ ओढून.
‘कर पावतीवर वेगळा दाखव,’ म्हणाला.
दाखवला. घडी घालून त्याने ती
कोटाच्या आतल्या खिशात ठेवली,
जिथे लोक असले कागद ठेवत नाहीत.

तो गेल्यावर, नव्या ट्रॅक्टरचा आवाज
रुळापलीकडे पोचल्यावर,
मी निळा फॉर्म गठ्ठ्यात ठेवायला घेतला.
चौकोनात एक ठिपका होता,
पेन टेकून राहिलं होतं तेवढा.
ठिपक्याला टिक म्हणता येत नाही.
तसला फॉर्म दुसऱ्या कुणाला देताही येत नाही.