पहिला उकार

बिटको चौकात, चष्म्याच्या दुकानावर
दहा बाय आठची माझी खोली.
लोक जिना चढून येतात, दम खातात
आणि म्हणतात, ताई, फुकटचं काही असेल तर टाका.

पूर्वी म्हणायचे, चोरीचं चालेल.
मग वहीच्या पानावर लिहून आणलेला नंबर,
आणि दोन महिन्यांनी मेलेला कॉम्प्युटर
रिक्षातून परत माझ्या दारात.

आता भजनी मंडळाचे खैरनार येतात:
रेकॉर्डिंगमधला तबलजीचा खोकला कापायचाय.
देवळालीची नर्स म्हणते, तो केशरी शंकू टाका,
त्यावर कुठलाही सिनेमा चालतो.
ओझरच्या द्राक्षवाल्याला पेट्यांचा तक्ता हवा असतो,
दरवर्षी पैसे न मागणारा.
मी टाकते. माझ्या हाताचे शंभर घेते.
सॉफ्टवेअर: शून्य.
ते शून्य मी पावतीवर मुद्दाम लिहिते.

यादवराव गांगुर्डे त्या शून्यापाशी अडले.
नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं.
पावती खिडकीकडे धरून, सवयीने, उजेडात पाहिली,
कोऱ्या जागेत काही उमटतंय का.
"यात गोम काय आहे?"

म्हटलं, नातवाचा डबा जुना झालाय,
कंपनीने त्याच्यावरचा हात काढलाय.
हे मात्र कुणीकुणी मिळून लिहिलंय,
आपापली नोकरी सांभाळून, रात्री.
ओळ न् ओळ उघडी आहे.
वाचा, बदला, शेजाऱ्याला द्या.

"शेजाऱ्याला द्या?"
ते बराच वेळ त्या शब्दावरच होते.
"आम्हाला गेटवर हात वर करायला लावायचे.
जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून बघायचे, रोज.
एवढे कोटी हाताखालून गेले, पोरी,
एक कपटा बाहेर नाही आला."

मग खुर्ची ओढून पडद्यावरचा मराठी मेनू वाचू लागले,
बोट लावून, तांदूळ निवडावेत तसे.
थांबले.
"मूद्रण."
काय झालं?
"मु पहिला. यांनी दुसरा दिलाय.
आता बाद ना हे? आमच्याकडे अख्खा ताव जायचा."

बाद कशाला, म्हटलं. तुम्हीच दुरुस्त करा.
"मी?"

खातं उघडलं. नाव विचारलं, हुद्दा विचारला नाही.
एका बोटाने एक उकार बदलायला
पाऊण तास लागला त्यांना.
खैरनार बाकावर ताटकळले, खोकला तसाच राहिला.

मग काहीच नाही. सात आठवडे.
दर मंगळवारी जिना चढून यायचे: आलं का?
एकदा वैतागून बोलून गेले,
काका, फुकटच्या कामाला घाई नसते.
ते गप्प उतरले.
हे वाक्य मला अजून बोचतं,
कारण माझं अर्धं दुकान त्याच कामावर चालतं.

एका सकाळी नवी आवृत्ती उतरली.
माझ्या तिन्ही मशीनवर, ओझरला,
परदेशात कुणी मराठी मेनू ठेवला असेल तर तिथेही.
मुद्रण.
पहिला उकार.
कुणाचंच लक्ष गेलं नाही.

काका आले. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.
म्हणाले, सगळं एका पेनड्राइव्हवर भरून दे,
उपनगरच्या बहिणीकडे न्यायचंय.
शंभराची नोट ठेवली. मी गमतीने ती उजेडाकडे धरली.
"खरी आहे," ते म्हणाले. "आमचीच."

दारापाशी थबकले.
पेनड्राइव्ह वरच्या खिशात
आणि दोन्ही हात, आपोआप, खांद्यापर्यंत वर.
मी काही बोलले नाही.
मग हात खाली आले, एकाने कठडा धरला,
आणि झडती न देता
ते जिना उतरून गेले.